पातळकाकांची खाच

समारंभाच्या अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, प्रयोगशाळेतली सर्व मंडळी, आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती पातळकाका, त्यांच्या शेजारी बसून ‘आटपा आता’ अशा नजरेनं माझ्याकडे बघणाऱ्या त्यांच्या सौभाग्यवती, आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

मला अक्षरओळख नाही. इथं बोलायचा माझा अधिकार एवढाच, की माझी नात या प्रयोगशाळेत काम करते आणि निम्मी प्रयोगशाळा माझ्या घरी जेवते. पाहुण्यांना प्रश्न पडला असेल, काकांना पातळ का म्हणतात? देहाकडे बघून कुणी म्हणणार नाही. पण केसाहून पातळ काप काढावा तो त्यांनीच. एकतीस वर्षं तेच केलं.

काप कशाचे? छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते. अंगाचे पहारेकरी तिथं तयार होतात. कोवळ्या पेशी बाहेरच्या थरात राहतात, शिकत शिकत आत सरकतात. परका ओळखायचा, आपल्या माणसाला हात लावायचा नाही. जी आपल्यांवरच धावते, तिला बहुधा तिथंच निकालात काढतात. वय झालं की ही ग्रंथी आटते. माझी केव्हाच आटली, म्हणून मी घरच्यांवर धावते, असं सूनबाईंचं मत आहे.

तर कुठली पेशी कुठं उभी राहून काय शिकते, याचा नकाशा माझी नात करते. लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेत ही ग्रंथी थोडी काढावीच लागते. तो तुकडा आईबाप या कामाला देतात. लेकरू आत टेबलावर, आणि बाहेर हे सही करतात. असा तुकडा वाया घालवायला कुणाचं मन होईल?

पण गेल्या महिन्यात तीच वेळ आली. काकांच्या हातचा शेवटचा तुकडा, आणि नकाशात सगळं उलटं. तयार पेशी बाहेर, कोवळ्या आत. माझ्या नातीनं भर बैठकीत सांगून टाकलं, “काकांचा हात आता थरथरतो. काप दुमडला असणार. हा तुकडा वगळू या.”

संध्याकाळी काका आमच्या घरी आले. चहाला हात लावीनात.

“आजी, जाता जाता माझं नाक कापलं गेलं हो.”

म्हटलं, “तुम्ही कापलंत तर तेही पातळच कापाल. आधी चहा घ्या.”

नातीनं त्यांना संगणकावर फोटो दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “खाच कुठं आहे गं?”

“कसली खाच?”

“प्रत्येक तुकड्याला वर उजवीकडे मी बारीक खाच देतो. बाहेरचा थर असलेली वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुला.”

खाच सापडली खाली, डावीकडे.

“पण काका, लेबल तर सरळ दिसतंय,” नात म्हणाली.

मला लेबल सरळ काय नि उलटं काय, सारखंच. मी आपलं विचारलं, “लेबल चिकटवलं कुणी?”

नातीनं फोटोतलं लेबल मोठं करून बघितलं.

लेबल तिनंच घाईत उलटं लावलं होतं. मग अक्षरं नीट दिसावीत म्हणून अख्खा फोटो फिरवला. पेशी वाचणारं यंत्र बिचारं खाचेप्रमाणे बरोबर चाललं होतं. फोटो तेवढा डोक्यावर उभा. तिनं तो परत फिरवला, यंत्राच्या नोंदीवर ठेवला, आणि कोवळ्या पेशी बाहेर, तयार आत, जिथल्या तिथं. तुकडा नकाशात बसला. काकांनी तीन कप चहा घेतला.

हे भाषण मी आधी घरी सांगितलं, छापायला म्हणून नातीनं लिहून घेतलं. लेबलाच्या वाक्यापाशी तिचं पेन अडलं. “आजी, हे हवंच का?”

म्हटलं, “हात थरथरतो हे तू चारचौघांत बोललीस. मग हेही चारचौघांत.”

तिनं लिहिलं. शिवाय शेवटी आपल्या मनानं एक ओळ घातली. ती काय आहे, मला वाचता येत नाही आणि तिनं सांगितलीही नाही.

मला इथं उभं केलंत, ऐकून घेतलंत, तुमचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. लिहिण्यात झालं असेल तर मात्र तिला विचारा.

ये गं, तुझी ओळ तूच वाच. काका, तुम्ही बसूनच ऐका. आज उभं तिनं राहायचं आहे.