कितीला पडलं?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय मोहनराव, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, सत्कारमूर्ती भगवानराव, त्यांच्या सौभाग्यवती अंजनाकाकू, आणि धारूरसह पार युसूफ वडगावहून आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना सुरेखाचा नमस्कार.

मी खानावळ चालवते. मला वाढायची सवय आहे, बोलायची नाही. त्यातून आधीच्या वक्त्यांनी इतकं वाढलंय, की माझ्यासाठी पातेल्यात काय उरलं ते बघते.

आयुष्यभर करसल्ला देऊन भगवानराव आज निवृत्त होताहेत. प्लॉट, सोनं, शेअर, काहीही विकून कुणी त्यांच्याकडे गेलं, की पहिला प्रश्न ठरलेला: "कितीला पडलं?" कितीला विकलं हे आपण छाती फुगवून सांगतो. पडलं कितीला, हे कोण ध्यानात ठेवतं?

माझे मालक आदिनाथ वारले, तेव्हा त्यांचा बीडजवळचा प्लॉट माझ्या नावावर झाला. संस्कृतीच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, नर्सिंगच्या फीसाठी मी तो विकला. हिशेबाला गेले तेव्हा दीर सोबत होते. प्रश्न आला तसे ते हसून म्हणाले, "वहिनीला काय पडणार? फुकटातच मिळालाय की." खरेदी शून्य धरली असती, तर सगळी विक्री नफा ठरली असती आणि फीचे पैसे करात गेले असते. पण खरं सांगू? पैशाआधी मला तो शब्द लागला.

भगवानरावांनी चष्मा काढला. "फुकट कावून? आदिनाथनं मोजले ते कुटं गेले? वारसानं आलेल्या वस्तूला आधीच्या मालकाला पडली तीच किंमत धरायची. कायदाच हाय तसा." मग माझ्याकडे वळले. "आन् भोवतीची भिंत कुणी बांधली, ताई?"

"मी. हे गेल्यावर, खानावळीच्या पैशातून."

"पावत्या हायत?"

"हायत."

"मंग ती बी धरू."

कर भरला, पण खऱ्या नफ्यावर. फीही भरली. संस्कृती आज नोकरीला आहे.

मंडळी, माणूस गेला की जिथं तिथं त्याचं नाव कमी करायला सांगतात. रेशनकार्ड, बँक, लाईटबिल, सगळीकडून यांचं नाव मी माझ्या हातानं कमी केलं. भगवानरावांच्या हिशेबात मात्र यांनी मोजलेले वर, मी घातलेले खाली, आणि मग दोघांची बेरीज. ती बघून मी तिथंच रडले. दीर उठून पाणी घेऊन आले.

आयोजकांनी मला उभं केलं, त्यांचे आभार. भगवानराव, तुम्हा दोघांना उदंड आयुष्य लाभो. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला.