चव घेणारीचं पोट

दीक्षा : वाटीच्या कडेला पाणी सुटलंय बघ, आई. नखाएवढंच, पण सुटलंय. चक्का पुरता निथळायच्या आधी साखर घातलीस.

हिरा : श्रीखंड खायला दिलंय, तपासायला नाही.

दीक्षा : आंबटपणा छान उतरलाय पण. वेलदोडा ताजा आहे. जायफळ किंचित पुढे गेलंय.

हिरा : पायल, सांग हिला, ही तिची वाघोलीची डेअरी नाही. या घरात तुझ्या ताईच्या सहीशिवायसुद्धा श्रीखंड वाढलं जातं.

पायल : ताई, विषय बदलू नकोस. हॉस्पिटलमधून चैताली मॅडमचा परत मेसेज आलाय. शनिवारी त्या दुपारपर्यंतच असतात. पुढच्या आठवड्यातली ऑपरेशनं आज ठरणार. वजन कमी करायचं तुझं ऑपरेशन स्लीव्ह की बायपास, एवढंच सांगायचंय.

दीक्षा : एवढंच.

पायल : हो, एवढंच! दोन वर्षं झाली. आमच्या खराडीच्या ऑफिसात तेवढ्यात अख्खं प्रॉडक्ट लाँच होऊन बंदसुद्धा पडतं.

हिरा : मला परत एकदा सांगा ते. दर वेळी समजतं आणि भांडी घासेपर्यंत विसरतं.

दीक्षा : स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात. उरते ती केळ्यासारखी नळी. थोडं खाल्लं की पोट भरतं. अन्नाची वाट तीच, पिशवी लहान.

हिरा : आणि बायपास?

दीक्षा : त्यात जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी वेगळी करतात आणि आतडं थेट तिला जोडतात. बाकीचं जठर आत राहतं, पण अन्न तिकडे जातच नाही.

हिरा : म्हणजे कात्रजच्या बायपाससारखं. गावात शिरायचंच नाही.

पायल : कात्रजच्या बायपासला आपण दोन तास अडकलो होतो, आई. जरा बरं उदाहरण दे.

हिरा : ते तुझ्या ड्रायव्हिंगमुळे.

पायल : माझं राहू दे. ताई, तुझं वजन एकशे बारा. साखर आहे. त्यात दुर्बिणीनं बघितलं तेव्हा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जखमा दिसल्या. डॉक्टर म्हणाले, स्लीव्हनं जळजळ वाढू शकते. साखर आणि जळजळ, दोन्हीसाठी बायपास बरा. मग कन्फ्यूजन कसलंय?

दीक्षा : ते म्हणाले, “माझा कल बायपासकडे आहे.” कल. निर्णय माझ्यावर सोडलाय.

पायल : आणि तुझा कल?

दीक्षा : बायपासनंतर आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. लोह, कॅल्शियम, बी-ट्वेल्व्ह. शिवाय दर वर्षी रक्त तपासायचं.

पायल : स्लीव्हनंतरही गोळ्या असतात, तूच सांगितलं होतंस. आणि गोळ्या चुकवणाऱ्यांतली तू आहेस का? दुधाच्या पिशवीवरची तारीख तू दुकानदाराला वाचून दाखवतेस.

हिरा : ही बसून झोपते गं. मागे राहायला आली होती ना, तेव्हा बघितलं. पाठीला तीन उशा आणि डोकं भिंतीला टेकलेलं. मला वाटलं जागीच आहे, म्हणून बोलत बसले. तर बाईसाहेब घोरत होत्या.

दीक्षा : आडवी झाले की घशाशी येतं.

पायल : ताई, खरं कारण सांग. भीती वाटते का?

दीक्षा : भुलीची वाटते थोडी. पण ती दोन्हींत सारखीच.

पायल : मग?

दीक्षा : बायपासनंतर गोड खाल्लं की बऱ्याच जणांना त्रास होतो. साखर एकदम आतड्यात उतरते. छाती धडधडते, घाम फुटतो, चक्कर येते, आडवं पडावं लागतं. स्लीव्हमध्येही होऊ शकतं, पण कमी.

हिरा : मग गोड नको खाऊस. साखर झालेल्या बाईला गोड हवंय कशाला?

दीक्षा : माझं कामच गोडाचं आहे, आई. सकाळी श्रीखंड, आम्रखंड, बासुंदी. दुपारी पेढे. प्रत्येक बॅचचा नमुना मी चाखल्याशिवाय माल गाडीत चढत नाही.

पायल : पण तुम्ही लोक थुंकता ना? तुमची ती चव घ्यायची खोली दाखवली होतीस मला. प्रत्येकापुढे झाकणाचा पेला. चव घ्यायची, थुंकायचं, कोमट पाण्यानं चूळ भरायची. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, माझ्या बहिणीला थुंकायचा पगार मिळतो.

दीक्षा : बाकीचे थुंकतात.

पायल : म्हणजे?

दीक्षा : नव्या मुलींना मीच शिकवते. गिळत गेलात तर पोट भरतं आणि जीभ आळसावते, थुंका. मग तोंड वळवते, पेला ओठांशी नेते आणि गिळते.

पायल : सिरियसली? कधीपासून?

दीक्षा : नोकरीला लागल्यापासून.

हिरा : रोज?

दीक्षा : सुट्टीचे दिवस सोडून.

पायल : आणि आम्ही तुझ्या थायरॉइडच्या टेस्ट करत बसलो! डॉक्टरांना सांगितलंस हे?

दीक्षा : त्यांनी विचारलं, जेवणात काय काय असतं. ते जेवण नव्हतं.

पायल : ताई! तू एम.एस्सी. आहेस ना?

दीक्षा : आहे. म्हणून तर काय चाललंय ते नीट कळतं. पेला उचलते तेव्हा थुंकायचं ठरवलेलंच असतं. घसा ऐकत नाही. आणि बायपास झाल्यावरही त्यानं ऐकलं नाही, तर मी रोज कामावर चक्कर येऊन पडेन. ते काम सोडून मला दुसरं काही करायचं नाहीये.

हिरा : पण घशाला झालंय काय?

दीक्षा : हे तू विचारतेस?

हिरा : मग कोण विचारणार?

दीक्षा : आपण खडकीला तुझ्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये होतो. मी दुसरीत असेन. बुद्धपौर्णिमेला विहारासमोर खीरदान होतं. खीर करपली होती. मी पहिलाच घास थुंकला. तू सगळ्यांदेखत पाठीत धपाटा घातलास आणि म्हणालीस, तोंडात गेलेलं अन्न परत बाहेर काढायचं नाही. गिळ. मी गिळली. अख्खा द्रोण संपवला.

हिरा : हो, हो. चंपावहिनींची खीर.

दीक्षा : मी ते कधी विसरले नाही. मला वाटायचं, तुझ्या लहानपणी घरात पुरेसं नसायचं, त्यातून आलेलं आहे ते. मी थुंकले तर त्या सगळ्यावरच थुंकल्यासारखं होईल.

हिरा : अगं, कसलं काय! चंपावहिनी हातात डाव घेऊन समोर उभ्या होत्या. रात्रभर जागून तीनशे माणसांची खीर केली होती त्यांनी. आणि त्यांचे मिस्टर, रंगराव, आमच्या सेक्शनचे फोरमन. तू थुंकलीस ती त्यांच्या पायाशी. मग मी काय करायचं होतं, टाळ्या वाजवायच्या?

पायल : थांब, थांब. म्हणजे त्या फोरमनसाठी ताई आजपर्यंत...

हिरा : खीर होतीच भयंकर. मी माझी रुमालात काढली आणि हळूच जाऊन टाकून आले. तुझ्या बाबांनी द्रोण बाकाखाली सरकवला. कुत्र्यानंसुद्धा हुंगून सोडला.

दीक्षा : तू थुंकलीस?

हिरा : मग? करपलेलं कोण गिळतं?

दीक्षा : मी.

(पायल आणि हिरा हसत सुटतात. मग दीक्षाही हसू लागते, आणि तिचं हसू सर्वांत उशिरा थांबतं.)

हिरा : इकडे बघ माझ्याकडे. अन्न कमी होतं, हे खरंय. तुझी आजी भाकरीचा तुकडा वाया जाऊ द्यायची नाही. पण जिवाला त्रास होईस्तोवर गिळा, असं तीही कुणाला म्हणाली नाही. आणि हे तर तुझं काम आहे. मी कारखान्यात इतकी वर्षं काडतुसं भरली. एक तरी घरी आणलं का?

पायल : अटक झाली असती, आई.

हिरा : तेच सांगतेय. कामावरचं कामावर ठेवायचं. पोटात घालून घरी आणायचं नाही.

दीक्षा : तू म्हणालीस म्हणून घसा लगेच ऐकणार आहे का?

हिरा : बघू या की. पायल, शेजारच्या मथुराबाईंनी दिलेली खोबऱ्याची बर्फी आण. आणि एक जुना पेला. मथुराबाई गावाला गेल्यात, त्यामुळे बिनधास्त थुंक.

पायल : ही घे.

दीक्षा : पाक जास्त झालाय.

हिरा : ते नंतर. आधी थुंक.

पायल : ताई, गिळू नकोस! पेला जवळ घे. तोंड वळवायचं नाही, इकडे बघ. हं. कम ऑन... अरे वा! थुंकली!

दीक्षा : पाणी दे. कोमट.

हिरा : काय वाटलं?

दीक्षा : खोबरं जुनं आहे. वेलदोड्याची सालं तशीच राहिलीत. सगळं कळलं गं, आई. गिळल्यावर जेवढं कळतं, तेवढंच.

पायल : मग आता नुसतं थुंकूनच वजन उतरवतेस का? ऑपरेशनच कॅन्सल?

दीक्षा : नाही. थोडं उतरेलही, पण आतल्या जखमा आणि साखर थुंकून जाणार नाहीत. आणि मला आडवं होऊन झोपायचंय, पायल. चैताली मॅडमना फोन लाव.

पायल : नंतर परत विचार करते म्हणायचं नाही हां.

हिरा : तू लाव गं आधी. दुपार व्हायला आली.

पायल : हा घे, वाजतोय.

दीक्षा : नमस्कार मॅडम, दीक्षा ओव्हाळ बोलतेय... हो, तीच... नाही, नाही, आज पुढे ढकलायला फोन केलेला नाही. सोमवारी मी डॉक्टरांना भेटायला येतेय, त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली होती. पण माझं ठरलंय... हो, आजच लिहून घ्या. मी बायपास करून घेणार आहे.