तंबाखू माझी, चुना धुळाजीचा

न्हाई न्हाई, मळा की तुमी पाव्हणं, मला बघून थांबलात कावून — आन् मळून झाली की चिमूटभर हिकडं बी सरकवा. काय? तोंड बघताय व्हय माझं? वाकडं हाय थोडं, डाव्या अंगाला. बोलताना जीभ जरा अडकती, तिकडं ध्यान देऊ नका, बाकी सगळं ठीक हाय. बीडच्या गाडीला अजून येळ हाय, नेकनूरच्या स्टँडवर टायमाला आलेली गाडी मी सत्तर वर्षांत बघितली न्हाई. बसा निवांत. माझं नाव मन्मथप्पा. रस्त्याच्या पल्याड निळ्या पत्र्याचं किराणा दुकान दिसतंय का, म्होरं बाकडं टाकलेलं — त्ये आमचंच. आता पोरगं बघतंय, सोमेश्वर. हळू बोला जरा. मी तुमच्याम्होरं हात पसरलाय असं दिसलं त्याला, तर गिऱ्हाईक सोडून पळत येईल. म्हणून तर ह्या खांबाच्या आडाला बसलोय. लाज वाटती व्हय मला? वाटती की! बापानं पोराला भ्यावं, असे दिवस आलेत.

आमच्या गावात तंबाखूला कुणी कुणाला न्हाई म्हणत न्हाई. तुमच्याकडं बी तसंच असंल. बांधावरनं डोकी फुटलेली मान्सं एकमेकाला चिमूट देतेत, मग पुन्हा शिव्या सुरू करतेत. माझी तर बेचाळीस वर्षं अशी गेली — तंबाखू माझी, चुना धुळाजीचा. धुळाजी म्हणजे आमचा दोस्त, खालच्या आळीला राहतो, मेंढरं होती त्याची पहिले. मी कवा चुना बाळगला न्हाई, त्यानं कवा तंबाखू बाळगली न्हाई. मुद्दाम बरं का! मान्सं म्हणायची, अरे दोन रुपयाचा चुना घे की खिशात. कावून घेऊ? चुना खिशात आला की धुळाजीची वाट बघायचं कारण काय राहिलं? तलफ आली की मी त्याला हुडकायचो, न्हाईतर त्यो मला. बायकोच्या बाळंतपणात दवाखान्याच्या पायरीवर बसलो तवा बी चुना त्याचाच व्हता. त्याचा बाप गेला, तवा मसणवाट्यातनं परत येताना पहिली चिमूट मी मळली. काय सांगू तुमाला.

मग मागच्या दिवाळीच्या अंगाला मला झटका आला. सकाळी दात घासाया गेलो, चूळ भरली तर पाणी एका अंगानं खाली. सोमेश्वरला हाक मारतोय तर तोंडातनं नुसता आवाज. बीडला नेलं, वाचलो. डॉक्टर पोरगाच व्हता हो, मिसरूड फुटलेला, पण बोलायला शहाणा. म्हणला, आजोबा, मेंदूची एक नस बंद झाली व्हती, उघडली. पुढची उघडंलच असं न्हाई. बीपीची गोळी एक दिवस चुकवायची न्हाई. मीठ कमी. तंबाखू बंद म्हणजे बंद. रोज चालायचं, येळेवर झोपायचं. आन् मान्सात बसायचं, बोलायचं — एकटं बसलेल्या मान्साचं डोकं लवकर गंजतंय म्हणला. आमची घरची, शिवम्मा, सगळं कान देऊन ऐकत व्हती. धुळाजी बी व्हता दारात. परत येताना गाडी पुलावर आली तवा त्यानं खिडकीतनं चुन्याची डबी भिरकावली. पितळंची, त्याच्या बापाची! म्हणला, मन्मथ, तू सोडलीस ना, मग म्या बी सोडली. तुझ्याबिगर मला गोड लागणार हाय का बे? आता सांगा — डोळ्यात पाणी येईल का न्हाई मान्साच्या? मला आलं.

आन् सोडली मी. खरी सोडली. आठ महिने. हाताला करमायचं न्हाई हो, तंबाखू नसताना सुदिक अंगठा तळहातावर फिरायचा. बडीशेप खाल्ली, लवंग खाल्ली. वरणात मीठ न्हाई, ठेच्यात मीठ न्हाई, ठेचा कसला त्यो, नुसता जाळ. पण खाल्लं. सकाळी मठापर्यंत चालत जायचो. तक्रारीचं एक अक्षर काढलं न्हाई. कावून? तर पाच वाजायचे आन् धुळाजी यायचा. रोज. पाचला येणार, त्या बाकड्यावर बसणार, सहाला उठणार. जुन्या गोष्टी काढायचा — मन्मथ, त्या साली जत्रंत कुस्ती कुणी मारली रे? आपल्या मास्तरचं नाव काय व्हतं? तुझ्या लग्नात वाजंत्री कुठली आणली व्हती? मी सांगायचो. कवा येळ लागायचा, कवा सापडायचंच न्हाई. मला वाटायचं, मान्सं म्हातारी झाली की असंच बोलतेत. दिवसभर मी पाच वाजायची वाट बघायचो, लहान लेकरागत. तंबाखू गेली तरी दोस्त हाय की, असं म्हणायचो मनाला.

काल. काल गिरणीवर गेलतो, दळण बघाया, आमच्या घरची नको म्हणत व्हती तरी गेलतो — चालणं बी झालं असतं. गिरणीच्या मागं लिंबाखाली दोघं बसलेले. एक सुंदरराव, पहिले सरपंच व्हता त्यो. आन् एक आमचा धुळाजी. सुंदररावचा तळहात पुढं. त्याच्यावर तंबाखू. आन् ह्यो भाड्या खिशातनं प्लास्टिकची डबी काढतो, नवी कोरी, झाकण उघडतो, आन् नखानं चुना काढून सुंदररावच्या हातावर ठिवतो! माझ्या धुळाजीचा चुना, दुसऱ्याच्या तळहातावर! हसू नका पाव्हणं. हसू नका म्हणलं ना. बायकोनं दुसरा घरोबा केला असता तरी मान्साला इतकं लागलं नसतं. दळण तिथंच ठिवलं.

मी म्हणलं, धुळ्या, हे काय बे? त्यो दचकला. डबी लपवली मुठीत. मग लपवून उपेग न्हाई म्हणल्यावर चिडला. खोटं बोलला असता, माफी मागितली असती तर मी सोडलं असतं, पण चिडला. म्हणला, मग काय करू? रोज तुझ्याजवळ तासभर बसाया लागतं. काय तरी लागतंच की तोंडात!

बसाया लागतं. ऐकलात ना? बसाया लागतं म्हणला. मी इचारलं, लागतं म्हणजे? कुणी बांधून घातलंय तुला? तर म्हणला, वैनीला इचार.

घरी आलो, शिवम्माला इचारलं. आन् ती बाई लाजली का? छ्या! ज्वारी निवडत व्हती, वर बघितलं सुदिक न्हाई. म्हणली, व्हय, म्याच सांगितलं धुळाजी भावजींना. डॉक्टर म्हणले व्हते ना, रोज तासभर बोलतं ठिवा म्हणून. पोराला दुकान, मला घरकाम, कोण बसणार? भिंतीवर क्यालेंडर हाय आमच्या, त्याच्यावर रोज तीन खुणा करायची ती. मी म्हणायचो, बायामान्साच्या खुणा, आपण कावून इचारावं. एक गोळीची. एक चालण्याची. आन् तिसरी धुळाजीची! म्हणजे मी गोळी गिळत व्हतो पाण्यासंगं, आन् धुळाजीला बी गिळत व्हतो बाकड्यावर बसून. मास्तरचं नाव, कुस्तीवाल्याचं नाव, वाजंत्री — सगळं तिनंच सांगितलेलं, असं असं इचारा, नावं इचारा, नावं आठवाया लावा. आन् उठून गेल्यावर त्यो मागच्या दारानं जाऊन सांगायचा तिला, आज काय आठवलं, काय न्हाई आठवलं. रुद्राणीचं सुदिक सांगितलं त्यानं! रुद्राणीचं सांगू नको म्हणून मी हात धरला व्हता त्याचा, पाया पडायचंच तेवढं राहिलं व्हतं —

न्हाई, काय न्हाई. राहू द्या. तुमाला सांगायचं नव्हतं त्ये.

रुद्राणी माझी पोरगी. लातूरला दिलीय. फोन आला तिचा, बोललो चांगला, नातवाचं बोललो. फोन ठिवला. धुळाजीनं इचारलं, कुणाचा फोन? आन् मला पोरीचं नाव येईना. एकुलती एक पोरगी पाव्हणं, म्या बारशाला नाव निवडलेलं. तोंड दिसतंय, लहानपणची येणी दिसती, नाव न्हाई. लई येळानं सापडलं. रडलो मी त्या बाकड्यावर, भर रस्त्याच्या कडंला. आन् म्हणलं, धुळ्या, हे घरी कळू देऊ नको, तिला तर मुळीच नको. त्यानं मान हलवली. आन् त्याच दिवशी सांगितलं! कालच शिवम्मा म्हणली, मला तवाच कळलंय, पुढच्या मंगळवारी बीडला दाखवायचंय, धुळाजी भावजी बी येणार हायत. सगळं घर मिळून माझ्या डोक्याची पाळत ठेवतंय, आन् पाळतीवर बसवलाय कोण, तर त्यो.

म्हणून आज उठलो तिथनं. बाकडं रिकामं दिसू दे म्हणलं त्याला. आन् तंबाखू खाणार हाय मी आज, कुणाच्या बापाला भेत न्हाई. बंद झाली नस तर होऊ द्या बंद. झाली मळून? आणा हिकडं. हां... वासानंच बरं वाटलं हो. खाऊ की, घाई कसली हाय तुमाला. जरा हातात तर धरू द्या. आठ महिन्यांनी धरलीय.

ओ. त्ये बघा. आला बघा. पाच वाजले वाटतं. हिकडं न्हाई, दुकानाकडं बघा — पांढरं धोतर, डोक्याला गमजा. बसला. रिकाम्या बाकड्यावर बसला बघा कसा! काल एवढं झालं तरी आलाय. शिवम्मानं पाठवला असंल, तिसरी खूण राहिली असंल तिची. थांबा, आता हितनंच आवाज देतो त्याला. ही तंबाखू दावतो, त्याच्या डोळ्याम्होरं टाकतो तोंडात. म्हणतो, बघ, तुझ्या चुन्यावाचून अडलं न्हाई माझं. आजपास्नं तुझा माझा संबंध संपला. ए...

ए...

थांबा जरा. आत्ता तर घेत व्हतो मी. ए... खालच्या आळीचा, मेंढरं व्हती त्याची... न्हाई, थांबा, येतंय, जिभेवर हाय —

कावून सांगितलं? इचारलं व्हतं का मी तुमाला? मला येतच व्हतं की नाव! आता तुमी सांगितल्यावर मला आठवलं, असं कुठल्या तोंडानं म्हणू मी? त्यो न्हाई सांगत कवा. घरची सांगती, पोरगं सांगतंय, डॉक्टर सुदिक पहिलं अक्षर सांगतो. त्यो न्हाई. गप रस्त्याकडं बघत बसतो माझं मला सापडंस्तवर. रुद्राणीच्या येळंला अंधार पडला व्हता, तरी उठला न्हाई.

हात करा म्होरं. करा म्हणलं ना. घ्या ही तुमची. चुना लई झालाय. आन् गाडी लागली बघा बीडची, उठा, जा तुमी.