अण्णा गुरवांचा गळलेला ठोका

मंडळी, एक सांगा — दार न उघडता घरातलं दुखणं बाहेरून कळतं का? पुढे बसलेले बापूसाहेब मान डोलावतायत, म्हणजे प्रश्न ऐकूच आला नाही!

आपल्या देवळातले अण्णा गुरव आठवतात? त्या खांबाशी पखवाज घेऊन बसायचे. लेक शर्वरी एवढीशी होती. पखवाजाला लावायची कणीक तीच मळायची, आणि अण्णा सूर जुळवायला लागले की लाकडाला कान लावून बसायची. काय दिवस होते ते!

तीच पोर पुण्याला शिकली. छातीवर नुसती पट्टी चिकटवायची — सुई नाही, कापाकापी नाही — आणि हृदयाची चाल पडद्यावर बघायची, असं यंत्र घडवणाऱ्यांत ती होती. दिवाळीला ते यंत्र घेऊनच घरी आली, तर अण्णा देवळाच्या पायरीवर धापा टाकत उभे. विचारलं तर म्हणे, धोतर सारखं करतोय! ती तिथेच अडून बसली.

"अण्णा, डॉक्टरकडे चला."

"छाती फाडतील गो. पखवाज सोडा म्हणतील. मग मी उरू कशाला?"

"फाडायचं नाही काही. लाकडाला कान लावायचे ना, तसाच लावते."

आता लेकीला नाही कसं म्हणणार? अण्णा ओसरीवर आडवे झाले. पट्टी लावली — पडद्यावर नुसता गोंधळ! पट्टी बदलली, तरी तेच. इतक्या वर्षांची मेहनत फुकट गेली, असं वाटून शर्वरी रडकुंडीला आली. तेवढ्यात तिची नजर खाली गेली. अण्णांची बोटं बरगडीवर ठेका धरून होती! अहो, जेवताना ताटावर वाजवणारा माणूस तो!

"अण्णा, हात थांबवा."

 अण्णा हळूच म्हणाले, "थांबवला की आतलं ऐकू येतं गो. मधेच एक ठोका गळतो. तो मी हाताने भरतो."

शर्वरीने त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. मग यंत्राला तो गळलेला ठोका सापडला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं, उपचार केले, आणि शिमग्याला अण्णा पुन्हा खांबाशी बसले. पुढे कितीतरी वर्षं माझ्या कीर्तनाला त्यांची साथ मिळाली. आज तो खांब रिकामा दिसतो.

मंडळी, तुमच्याही घरी असेल असं कोणी. 'मला काय धाड भरलीय' म्हणत सारखं कशात तरी हात गुंतवून बसलेलं. त्याच्याजवळ बसून ऐकलंय कधी? एरवी मी टाळी मागतो. आज नको. शेजारच्याचा हात धरा, आणि गजर नुसत्या तोंडाने होऊ द्या.