न उकळलेला रस

(माधवनगर. शनिवारची दुपार. चर्चमागच्या खोलीला आतून कडी. शमुवेल आत, म्हातारी बनुबाई बाहेर दाराशी.)

बनुबाई : फोन करून तूच बोलावलंस, आन आता कडी काढंना झालास. माजं गुडघं किती येळ उभं ऱ्हातील?

शमुवेल : जावा तुमी, मावशी. चुकून लागला फोन.

बनुबाई : रडत रडत चुकून लागला व्हय? काय केलंस, शमू?

शमुवेल : उद्या चर्चात प्रभुभोजनाला सगळ्यांस्नी प्याल्यातनं द्यायचा रस बिघडला.

बनुबाई : मग दुसरा करू. चाळीस वर्सं म्या केला, दोनदा माजाबी बिघडला. त्यात रडायचं काय?

शमुवेल : बरणी अर्धी हाय, मावशी.

बनुबाई : सांडला?

शमुवेल : न्हाई.

बनुबाई : थांब. मला पायरीवर बसू दे. हां. आता सांग, कवापासनं?

शमुवेल : गुरुवारपासनं. पण खरं म्हंजी त्याच्याबी आधीपासनं.

बनुबाई : नीट सांग.

शमुवेल : तासगावच्या मेव्हण्यानं बेदाणं आणून दिलं. तुमी शिकवलं तसं भिजवलं, कुस्करलं, गेल्या शनिवारी गाळलं. उकळायला ठिवणार, तर सिलिंडर संपला.

बनुबाई : माजी चूल रोज पेटतीया की. आन सिलिंडर संपला ह्यो काय गुन्हा न्हवं.

शमुवेल : मंगळवारी सिलिंडर आला, मावशी.

बनुबाई : आन तू उकळला न्हाईस.

शमुवेल : झाकण काढलं तर बुडबुडं आलेलं. त्यो दारूचा वास... सोडल्यापास्नं तीन वर्सांनी आला. म्हनलं, सकाळी उकळू. सकाळी म्हनलं, संध्याकाळी. मग बरणी घरनं उचलली आन हितं आणून ठिवली.

बनुबाई : हितं का?

शमुवेल : घरी अंजना हाय. बायकोच्या नाकाला लगीच वास आला असता.

बनुबाई : म्हंजी ही चूक न्हवं, शमू. तू वाट बघत हुतास.

शमुवेल : व्हय. चर्चचं पाळकसाहेब सभेला साताऱ्याला, उद्या सकाळी येणार, किल्ली माज्याकडं. दारूच्या दुकानाची पायरी न्हाई, बघणारं कोण न्हाई. बेदाण्याचंच पाणी की, त्येबी प्रभूच्या मेजाचं. असं मीच मला पटवत बसलो. गुरुवारी गोडी बघायला म्हणून चमचा घेतला. घ्यायच्या आधी डोळं मिटून प्रार्थनाबी केली.

बनुबाई : कसली प्रार्थना?

शमुवेल : देवा, रस नीट झालाय का तेवढंच बघतो. देवाला खोटं सांगून पैला चमचा घेतला. मग वाटी. काल अर्धा तांब्या. आज पाणी घालून बरणी पुन्हा भरायला निघालो हुतो.

बनुबाई : आन उद्या त्येच मंडळीला देणार हुतास?

शमुवेल : पाणी घातलं न्हाई. तांब्या उचलला आन धैर्यशील डोळ्यापुढं आला.

बनुबाई : कोण, त्यो यंत्रमागावरचा? दारू सोडून चर्चला येतोय त्यो?

शमुवेल : सा महिनं झालं त्येला. मीच हाताला धरून आणलाय. उद्या त्योबी प्याला घेणार. माज्या हातचं हे त्येच्या जिभेला लागलं, तर चर्चमधनं त्यो सरळ घरी जाईल का, तुमीच सांगा.

बनुबाई : न्हाई जायचा.

शमुवेल : आन माजी प्रियदर्शनी. उद्या ती पैल्यांदा मेजाला येणार, प्रभुभोजन घेणार. म्हणती, पप्पा, तुमी माज्या शेजारीच बसायचं. दारूपायी पाच वर्सं मला मेजाला बंदी हुती, मावशी. प्याल्यांचं ताट येताना दिसलं की ही पोरगी माजा हात धरून बाहेर आणायची, म्हंजी लोकांनी माज्याकडं बघू नये. आठ वर्सांची हुती तवा.

बनुबाई : कडी काढ.

शमुवेल : बरणी अजून पुढ्यातच हाय. तुमच्याशी बोलतोय, आन आत एकच चाललंय, संपवून टाक, संपवून टाक. लाज वाटतीया ती येगळी, तहान लागलीया ती येगळी. मी सुटलोच न्हवतो, मावशी. तीन वर्सं नुसता थांबलो हुतो.

बनुबाई : मग मी तरी कुठं सुटलीया? माज्या जावंशी अकरा वर्सं बोलले न्हाई मी. आता बोलते, पण ती पुढ्यात आली की आजबी तोंडात शिवी येती. रोज गिळाय लागती. सत्तर वर्सं चर्चात बसून ही गत हाय माजी. तू तीन वर्सांत काय देवदूत हुणार हुतास?

शमुवेल : एक करा. गुपचूप दुसरा रस तुमीच करून द्या. कुणाला कळायला नको. उद्याचा दिवस पार पडू दे, मग मी सगळं सांगतो.

बनुबाई : कडी काढून माजी बोटं बघ. गाळणं पिळायला मूठ वळत न्हाई, म्हणून तर तुला शिकवलं. आन उद्या पार पडला की तू सांगणार न्हाईस. सिलिंडर आल्यावर तू उकळला न्हाईस, तसंच हुईल. काढ कडी. निदान बरणीकडं दोघं मिळून बघू.

शमुवेल : काढली कडी. या.

बनुबाई : अगागा, काय वास कोंडलाय. उचल बरणी. म्होरं गटारीत वत.

शमुवेल : चाफ्याच्या बुडात वततो. मेजाचं म्हणून केलेलं हाय.

बनुबाई : मेजाचं कवाच न्हाई उरलं त्ये. गटारीत.

शमुवेल : मावशी, बरणी तुमीबी धरा.

बनुबाई : मी धरणार न्हाई, तूच वत. सगळी. बूड दिसू दे.

शमुवेल : झाली.

बनुबाई : आता ती बरणी राखंनं घास. माज्या डब्यात बेदाणं हाईत, कढत पाण्यात भिजवलं की संध्याकाळपातुर फुगतील. माज्या चुलीवर, माज्यासमोर उकळायचं. गोडी मी बघीन, तू नुसतं ढवळायचं.

शमुवेल : मावशी, अंजनाला लगेच सांगू नका.

बनुबाई : मी कशाला सांगू. ती बघ, फाटकातनं आत येतीया.

अंजना : मेजाचा पांढरा कपडा इस्त्री करून आणलाय, मावशी. कुठं ठेवू? आणि हा वास कसला?

शमुवेल : अंजना...

अंजना : जवळ येऊ नका. तिथूनच बोला.

शमुवेल : प्यालो मी. तीन दिस झालं. मेजासाठी केलेला रस आंबू दिला आन प्यालो. कुणी पाजला न्हाई. सिलिंडरचं कारण मी सांगणार न्हाई.

अंजना : गुरुवारी संध्याकाळी तुम्ही दात घासले. मी मनात म्हणाले, माणूस सुधारला की किती नीटनेटका होतो. अशी मी शहाणी.

शमुवेल : बोल. जे बोलशील ते ऐकतो.

अंजना : दवाखान्यात दिवसभर लोकांची घाण उपसते मी, त्याचं काही वाटत नाही. पण घरी आलं की तुमचा शर्ट हुंगायचा, खिसे बघायचे, ते मी सोडलं होतं. तीन वर्षं सोडलं होतं. आता परत हुंगायला लावणार का मला?

शमुवेल : हुंग. मला चालंल. मी म्हणीन त्यावर ठिवू नको इश्वास.

बनुबाई : बरणी त्येनं सवता वतली, अंजना. आन फोनबी त्येनंच केला. एवढं मी सांगते, बाकी तुमचं तुमी.

अंजना : माफ केलं असं समजू नका, मावशी. आज नाही जमत मला.

शमुवेल : उद्या मंडळीसमोर उभा ऱ्हाणार मी. धैर्यशीलच्या घरी आत्ताच जातो, त्येला दुसऱ्याच्या तोंडनं कळायला नको. पाळकसाहेब मेज पुन्हा बंद करतील. करू देत.

अंजना : आणि पोरीचं काय? महिनाभर ती वचनं पाठ करतेय. तुमच्यासाठी बाकावर कडेची जागा धरणार आहे.

शमुवेल : मी मागं बसतो. दाराजवळ. तिला सांग, पप्पाला बरं न्हाई.

अंजना : अजिबात नाही. आजारी पडला म्हणून तिला खूप वेळा सांगितलंय मी. तुम्ही तिच्या शेजारीच बसायचं. ताट येईल, तुम्ही प्याला घ्यायचा नाही. ताट तिच्याकडं सरकवायचं.

शमुवेल : आन तिनं सगळ्यांदेखत इचारलं, पप्पा, तुमी का घेतला न्हाई, तर?

अंजना : नाही विचारणार. ती आत्ता घरीच आहे, आजच तिला तुम्ही स्वतः सांगायचं. चला.