ओढा सरकला

जिल्हा कचेरीतल्या त्या कारकुनाला काडीची रीतभात नाही. म्हातारा माणूस खिडकीशी ताटकळतोय, आणि हा खुर्चीत रेलून उत्तरं देतोय. मी रांगेत मागेच होते.

"आजोबा, नळ शेजारच्या जिल्ह्याकडे मागा. हद्द ओढ्यावर आहे. पुरात ओढा सरकला, तुमचं घर पलीकडे गेलं."

"ते म्हणतात, त्यांच्या नकाशात ओढा जुन्याच जागी आहे."

"मग मी काय करू?"

"माझा आजा एका जिल्ह्यात जन्मला, बाप दुसऱ्यात, मी तिसऱ्यात. घर तेच आहे, साहेब."

"सध्या पाणी कुठून आणता?"

"ओढ्यातनंच. म्हातारी आणते. गुडघे गेलेत तिचे."

"कुठल्या काठावरून आणते?"

आता मात्र मी पुढे झाले.

"बाळा, तुझ्यापेक्षा तो ओढा बरा. जागचा हलतो तरी, आणि पाणीही देतो."