तीन प्रतींवर एकच नाव

मी, यामना ऊहद्दू, वय ५३ वर्षे, व्यवसाय परवानाधारक सुईण, राष्ट्रीयत्व मोरोक्कन, राहणार तिमझ्रित, कारंज्याची गल्ली, माझ्याच प्रसूतिगृहाच्या वरचा मजला, आज दिनांक १६ एप्रिल रोजी दुपारी तीन वाजता पोलीस ठाण्यात समक्ष येऊन, कोणाच्याही दबावाशिवाय सांगते की:

वरील पत्त्यावर मी एकोणीस वर्षांपासून दोन खाटांचे प्रसूतिगृह चालवते. आजवर सहाशेच्या वर बाळंतपणे केली. आकडा साहेबांनी विचारला म्हणून सांगितला, मिरवायला नाही.

तक्रारदार तूदा, वय २४, हिला मी तिच्या लग्नापासून ओळखते. गावातल्या सगळ्यांसारखी तीही मला मानाने लल्ला म्हणते. तिचा नवरा मोहा सफरचंदाच्या बागांत रोजंदारीवर कलमे बांधतो, त्याला विमा नाही. मोहाचा मोठा भाऊ अस्सू शीतगृहात कायम नोकरीला आहे. त्याचा आणि त्याची बायको रकिया, वय ३६, हिचा विमा आहे. चौघे एकाच घरात राहतात. रकियाच्या लग्नाला अकरा वर्षे झाली, मूल नाही.

तूदाचे पहिले बाळंतपण दोन वर्षांपूर्वी शहराच्या दवाखान्यात झाले. बाळ तिच्याजवळून नेले ते परत आणले नाही. काय झाले हे तिला आजपर्यंत कोणी सांगितलेले नाही. या खेपेला पाचव्या महिन्यात ती माझ्याकडे आली आणि दारातूनच म्हणाली, "लल्ला यामना, तिकडे मी जाणार नाही. न्यायचंच असेल तर बांधून न्या."

आमच्याकडे नियम असा की विमा कचेरीची आगाऊ मंजुरी असेल तरच सुईणीने बाई दाखल करून घ्यायची. नसेल तर दवाखान्यात पाठवायची. हा नियम कोणत्या शहाण्याने केला ते मला माहीत नाही. हे वाक्य लिहू का, असे लेखनिकाने विचारले. लिहा म्हटले.

जानेवारीत अस्सू आणि रकिया तूदाला घेऊन आले. रकियाने आपले विमा कार्ड टेबलावर ठेवले. म्हणाली, "अकरा वर्षांत ह्या कार्डावर एक दात काढला, बाकी काही नाही. घ्या, कुणाच्या तरी कामी येऊ दे." त्यात तिचा डाव होता असे मला तेव्हा वाटले नाही व आजही वाटत नाही. मी म्हटले, "मला तुरुंगात धाडायला आलात का सगळे मिळून?" अस्सू हसून म्हणाला, "सगळं गाव हेच करतंय, लल्ला. माझ्या चुलत्याचे मोतीबिंदू शेजाऱ्याच्या कार्डावर काढले. आता शेजाऱ्याला दिसेना, तर कचेरी म्हणते, तुझे काढून झालेत!" आम्ही सगळे हसलो. तूदाही हसली. मी मंजुरीचा अर्ज रकियाच्या नावाने भरला.

३ मार्च रोजी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी तूदा प्रसूत झाली. मुलगी, वजन तीन किलो शंभर ग्रॅम. अडचण आली नाही. बाळ रडत असतानाही तूदाने मला तीनदा विचारले, "आहे ना? आहे ना ती?" रकिया उशाशी होती. तूदाचे डोके तिने आपल्या मांडीवर धरले होते.

त्यानंतर मी दाखला लिहायला बसले. पूर्वी विम्याचा कागद आणि नगरपालिकेचा जन्माचा कागद वेगळे असत. विम्यावर रकिया लिहायचे आणि जन्मावर तूदा, असे मी मनाशी योजले होते. पण त्याच आठवड्यात कचेरीकडून नवे पुस्तक आले होते आणि त्यातले हे पहिलेच पान. एकदा लिहिले की कार्बनने तीन प्रती निघतात: विम्याची, नगरपालिकेची आणि माझी. आईच्या रकान्यात मी रकिया लिहिले. पान उलटले तर खाली रकिया, त्याच्याही खाली रकिया. पान फाडले तर क्रमांक तुटतो आणि तपासणी येते. मी फाडले नाही. मी भ्याले.

१० मार्च रोजी, सातव्या दिवशी, बारसे झाले. विमा कचेरीतला एक कारकून अस्सूचा भिंतशेजारी आहे, त्याला टाळता येईना. म्हणून बाळंतिणीच्या गादीवर रकिया बसली. आमच्याकडे त्या दिवशी बाळ सुईणच आईच्या मांडीवर देते आणि सगळ्यांदेखत म्हणते, "ही तुझी." मी बाळ रकियाच्या मांडीवर दिले आणि तसे म्हणाले. तूदा चहाचे तबक घेऊन दारात उभी होती. तिचा झगा छातीशी ओला झालेला मी पाहिला. कारकुनाने मांस दोनदा मागून घेतले. मी न जेवता घरी आले.

१२ एप्रिल रोजी चाळीस दिवस पुरे झाले. रिवाजाप्रमाणे तूदा बाळाला घेऊन माहेरी निघाली. रकियाने बाळ दिले नाही. तिने नगरपालिकेकडून मिळालेली कुटुंबाच्या नोंदींची पुस्तिका काढली, त्यात मुलगी तिच्या नावावर होती. "तू तरुण आहेस, तुला आणखी होतील," असे ती म्हणाल्याचे तूदाने मला सांगितले. मोहा मोठ्या भावासमोर तोंड उघडत नाही. तूदा तशीच माझ्याकडे आली आणि तिथून ठाण्यात.

१४ एप्रिल रोजी सकाळी अस्सू माझ्याकडे आला. म्हणाला, "सही तुमची आहे, लल्ला. खोटं लिहिलं म्हणालात तर दार तुमचंच बंद होईल." मी त्याला चालता हो म्हटले. तासाभराने रकिया एकटी आली. ती बसली नाही. म्हणाली, "तुम्हीच माझ्या मांडीवर दिलीत. ही तुझी, हे तुम्हीच म्हणालात ना?" तिच्यासमोर मला माझीच लाज वाटली, आणि तिची दयाही आली.

आज जबाब सुरू होण्यापूर्वी साहेब चांगल्या मनाने म्हणाले, "खाला, सहाशे बायकांत एकेकीचा चेहरा कुठे ध्यानात राहतो? आठवत नाही, एवढंच लिहू. परवानाही वाचेल." बाळ त्या वेळी बाहेरच्या बाकावर रकियाजवळ रडत होते. तूदाला समोरच्या खोलीत बसवले होते. ती दोनदा उठली, शिपायाने दोनदा खाली बसवली.

मी सांगते की मला आठवते. तूदाला मी तीन टाके घातले, ते कोणत्या बाजूला हे तिला न विचारता सांगते: डाव्या. कोणत्याही डॉक्टरीणबाईंनी पाहून घ्यावे. रकियाला मी कधीही तपासलेले नाही. ३ मार्च रोजी जन्मलेली मुलगी तूदाची आहे. खोटी नोंद मी समजून केली, तिची शिक्षा मला व्हावी. रकियाने कार्ड दिले ते जावेसाठी दिले, एवढे लक्षात ठेवावे.

परवाना, दाखल्यांचे पुस्तक आणि प्रसूतिगृहाची किल्ली टेबलावर ठेवली आहे. येत्या आठवड्यात दोन बायकांचे दिवस भरतात. त्यांची नावे पुस्तकाच्या मागच्या पानावर आहेत. दोघींना विमा नाही. मी नसेन तेव्हा त्यांनी कोणाच्या दारात जायचे, हे कोणीतरी त्यांना आधी सांगावे.

हा मजकूर लेखनिकाने मला आमच्या बोलीत सावकाश वाचून दाखवला. सुरुवातीला त्याने दाखल्यावरून उतरवून घेतले होते: "बाळाची आई, रकिया." तेवढे चूक आहे, बाकी मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. जबाबाच्या तीन प्रती होत्या. तिन्ही सुट्या करून घेतल्या, प्रत्येकीवर ते नाव खोडून मी माझ्या हाताने "तूदा" लिहिले, आणि खाली सही केली.